उणे आठ पूर्णांक आठ

हिवराज पुण्याहून परतला तेव्हा
ट्रॅव्हल्सच्या टपावरून त्याने आधी पिंप उतरवलं,
मग बॅग.
एकोणीस लिटरचं, स्टीलचं, बुडाशी पोचा आलेलं.
जिथे तो जवाची बिअर करायला शिकला
त्या मालकाने शेवटच्या पगाराऐवजी दिलेलं.

चिचटोल्यात थंडाव्याची सोय म्हणजे
माझ्या दुकानातला, दुरुस्तीला आलेला फ्रीज.
तीन वर्षं झाली, ज्याचा आहे तो फिरकला नाही.
पिंप त्यात असं बसलं जसं मापाने शिवलं,
आणि आठवड्यात प्रश्न उभा:
"किती उरली बे?"

स्टीलच्या आत दिसत नाही.
हिवराज बोटाच्या पेराने ठोकायचा,
वरून खाली टण, टण, टण, मग एकदम ठप्प.
"हे पाय, इथवर हाये."
मी ठोकलं की मला खालपर्यंत टणच ऐकू यायचं.
आयटीआयचा माणूस मी,
कानावर हिशेब ठेवत नाही.

धानगिरणीतला मेलेला काटा भंगाराच्या भावात आणला,
त्याच्या पोटातून काढला लोड सेल:
बोटभर अॅल्युमिनियमची पट्टी,
चार तारा, लाल काळी हिरवी पांढरी.
वजन ठेवलं की ती वाकते,
केसाच्या जाडीएवढीही नाही,
पण वाकते, आणि तिच्यातली वीज तेवढीच हलते.
हे मी वाचलंय, स्वतः मोजलंय,
तरी रात्री अंथरुणात पटत नाही.

चिप आमगावला कुरिअरने आली.
मिठाचे पुडे मांडून आकडा जुळवला, एक, दोन, पाच, दहा.
किराणेवाला म्हणाला, "एवढं मीठ कायले जी?
आंबे तं सरले."

लाइन गेली की तो सगळं विसरायचा
आणि आली की भरल्या पिंपालाच शून्य म्हणायचा.
म्हणून रिकाम्या पिंपाचे चार किलो सहाशे
मी त्याच्या डोक्यात कायमचे कोरले.
ते वजा कर, उरेल त्याला अडीचशेने भाग,
किलो नको दाखवू, सरळ ग्लास दाखव.
त्या रात्री लाल आकडे उजळले: ४१.
हिवराजने ठोकून पाहिलं. म्हणाला, "चाळीस."

मारबतीच्या दिवशी सकाळी
सत्यशीला आली, आमची आशाताई.
तिच्या झोळीकाट्याची स्प्रिंग गेली होती.
फुलवंताची पोरगी चार दिवसांची, वजन लिहायचं राहिलं.
"तुमच्याकडं कायचं तरी मशीन हाये म्हन्तेत."
कायचं, ते तिने विचारलं नाही.

फळी फ्रीजमधून काढली. गार होती,
उन्हात ठेवली, वर लुगड्याची घडी.
पोरगी ठेवताच पडदा म्हणाला: -८.८
फुलवंता माझ्याकडे पाहत राहिली.
"उणे म्हन्जे?"
म्हणजे काही नाही बाई,
ते अजून पिंपच शोधतंय.
तळहातावर पेनने केलं: बावीसशे,
सेहेचाळीसशेतून गेले, चोवीसशे,
घडीचे शंभर सोडले.
दोन किलो तीनशे.
सत्यशीलाने लिहिलं, आणि पेन उचललाच नाही.
"अडीचच्या खाली हाये. दर शनिवारी आणतो."

तेव्हापासून फळी माझ्या टेबलावर.
पिंपाखाली वीट.
हिवराज परत पेराने ठोकतो
आणि मी बाजूला बसून ऐकायचा प्रयत्न करतो;
ठप्प कुठे सुरू होतो
ते आताशा थोडं थोडं कळतं.

प्रोग्राम बदलायला दहा मिनिटं लागतील.
बदलला नाही.
उणे आठ. उणे साडेसहा. एका शनिवारी ताप होता,
आकडा तिथेच, उणे साडेसहा,
त्या दिवशी पिंपाकडे कोणी गेलं नाही.
मग उणे पाच. उणे दोन.

दिवाळी सरता सरता
पडद्यावर शून्य आलं.
मग ०.२ झालं, मग -०.१, मग पुन्हा शून्य;
"थांबू द्या ना जी," सत्यशीला म्हणाली, पेन धरून,
पण पोरगी पाय झाडत होती.